रंभेचं कोपर

आमच्या खाणीवर साहेब लोक गोल्फ खेळत, हे सांगितलं की तुमसरची माणसं अजूनही हसतात. हसू द्या. नाकाडोंगरीपासून चार मैलांवर, मॅंगनीजच्या टेकडीखाली, पाच भोकांचं गोल्फचं मैदान होतं, आणि तिथं रोज संध्याकाळी दोन शिकलेली माणसं चेंडू कसा मारावा यावरून एकमेकांची अक्कल काढत. गवत जगत नव्हतं म्हणून भोकांभोवती रेती टाकून तिच्यावर जळकं तेल शिंपडलेलं असे. दुरून पाहिलं तर पाच ठिकाणी काहीतरी जाळल्यासारखं काळं दिसायचं. आमची माणसं तिकडून ढोरं नेत नसत.

मी भैय्यालाल, खाणीच्या भट्टीवरचा लोहार. माझी बायको रंभा माझ्यासमोर घन मारायची. लोहाराच्या घरी यात नवल नाही. नवरा तापलेलं लोखंड धरतो, बायको घन मारते. खाणीत दगडाला भोकं पाडायच्या लांब सळया असत, त्यांना आम्ही जंपर म्हणायचो. दिवसभरात त्या बोथट होऊन यायच्या आणि आम्ही दोघं त्यांची टोकं पुन्हा घडवून द्यायचो. कुंताबाई नावाची म्हातारी भाता ओढायला होती. भट्टीवर आम्ही तिघंच.

कामाची रीत ठरलेली. माझ्या डाव्या हातात सळई, उजव्या हातात लहान हातोडी. जिथं घाव हवा तिथं मी हातोडीनं टक् करायचं आणि हात काढून घ्यायचा. त्याच जागी रंभेचा घन पडायचा. टक्, धप्प. टक्, धप्प. थांबायचं झालं की मी रिकाम्या ऐरणीवर हातोडी वाजवायचो. बोलायचं नाही आणि वर बघायचं नाही. माझ्या बापानं पहिल्याच दिवशी थोबाडीत देऊन शिकवलं होतं की लोहाराचा डोळा लोखंडावर, घन मारणाऱ्याकडे पाहायचं नाही. अकरा वर्षं आम्ही तसं काम केलं. अकरा वर्षांत रंभेचा एक घाव इकडचा तिकडे झाला नाही.

आता ते दोन साहेब. एक मॅनेजर पिंपळापुरे आणि दुसरे खाणीच्या दवाखान्याचे डॉक्टर वासुदेवराव. गोल्फची काठी वर नेईपर्यंत दोघांचं पटायचं. भांडण व्हायचं ते काठी खाली येताना. डॉक्टरांचं म्हणणं, हातांनी काही करायचंच नाही. आधी कंबर फिरते, हात तिच्यामागे ओढले जातात, आणि उजवं कोपर बरगडीला चिकटून खाली येतं. मॅनेजर साहेब म्हणत, हे सगळं हाडांच्या पुस्तकातलं. मारणारा हातच. डावा हात ताठ ठेवून ओढायचा, उजव्यानं पाखराला दगड भिरकावावा तसं फेकायचं, कंबर येते आपोआप मागून. मॅनेजर साहेबांचा चेंडू दर वेळी उजवीकडच्या पळसांत शिरायचा आणि डॉक्टरांचा जमिनीवरून सरपटत जायचा. म्हणजे दोघांनाही येत नव्हतं. पण तसं त्यांना सांगणार कोण?

चौऱ्याहत्तर सालच्या जानेवारीत मॅनेजर साहेबांची एक लोखंडी काठी दगडावर आपटून वाकली. ती सरळ करून घ्यायला ते भट्टीवर आले, बरोबर डॉक्टर होतेच. मी काठी ठेवून घेतली आणि म्हटलं, "बसा साहेब, हातचा जंपर होऊ द्या." ते दोघं लाकडी पेटीवर बसले. पाचसात घाव झाले असतील, तोच डॉक्टर उठून उभे राहिले.

"पिंपळापुरे, हिच्याकडे पाहा. हिची कंबर पाहा!"

"मी हात पाहतोय," मॅनेजर म्हणाले. "हात आधी निघाला. स्वच्छ दिसतंय."

दोघं रंभेच्या दोन बाजूंना जाऊन उभे राहिले. रंभेनं पदर खोचलेला होता तो सोडून खांद्यावरून घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मला तेव्हाच म्हणायला हवं होतं की साहेब, बाईमाणूस काम करून राहिली, तुम्ही बसा. मी म्हटलं नाही. मला, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. ज्या बायकोला मी अकरा वर्षांत कधी शाबास म्हटलं नव्हतं, तिला बघायला खाणीचा मॅनेजर उभा होता.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी खिशातून पांढरा रुमाल काढला. म्हणाले, हा उजव्या काखेत धरून घन मारायचा. कोपर अंगाशी राहिलं तर रुमाल पडणार नाही, सुटलं तर पडेल, सोक्षमोक्ष होऊन जाईल. रुमाल त्यांनी माझ्या हातात दिला. परक्या बाईला स्वतः देण्याइतके ते अडाणी नव्हते.

"दुसऱ्याचा रुमाल मी काखेत कायले धरू?" रंभा हळूच म्हणाली.

"साहेब लोक आहेत. धर वं थोडा वेळ."

"अन् पडला तं?"

"पडला तं पडला. तुले काय फासावर देऊन राहिले?"

तिनं धरला. दहा घावांत रुमाल दोनदा पडला. डॉक्टर म्हणाले, ती लाजते आहे म्हणून पडला. मॅनेजर हसत सुटले. रंभा त्या दिवशी पहिल्यांदा घन मारण्याआधी थांबली. अगदी पापणी लवेल एवढंच थांबली. पण टक् आणि धप्प यांच्यामध्ये मला ते पोकळ ऐकू आलं.

कुंताबाईलाही आलं. साहेब गेल्यावर ती भाता सोडून माझ्याजवळ आली. "भट्टीचा आवाज बदलला, भैय्यालाल. चांगलं लक्षण नाई हे."

"काही बदलला नाई. तू तुहा भाता ओढ."

"मी चाळीस वर्सं हा आवाज आयकून राहिली, बापू. तू त्याईले सांग, येऊ नका म्हणा."

मी कशाला सांगतोय! चौथ्या दिवशी तर त्यांनी मला पंच केलं. मॅनेजर साहेब म्हणाले, "मिस्त्री, आम्ही बाजूनं बघतो. तुम्ही रोज हिच्या समोर असता. तुम्हीच सांगा, आधी काय हलतं?" खाणीचा मॅनेजर मला विचारत होता. मी गंभीर तोंड करून म्हणालो, "नीट पाहून सांगतो साहेब." आणि मी पाहायला लागलो. भट्टीवर नाही, एवढी अक्कल होती. घरी पाहायला लागलो. ती धान कांडायची तर मी उंबऱ्यावर बसून तिचं कोपर बघायचो. विहिरीवरून घागर ओढायची तर कंबर बघायचो. वरून बोलायचोही, कोपर आत घे, अशी नको फेकू, आधी कंबर फिरव.

"चुलीपाशी तं सोडा," ती एकदा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "मले आता घन उचलताना हात कुठं हाये तेच समजत नाई. पयले मी काई इचारच नव्हती करत."

"मंग आता कर."

हे मी म्हणालो. दुसरं कोणी नाही.

शनिवार होता. दोघं साहेब सकाळीच आले, कारण दुपारी त्यांना खेळायचं होतं आणि त्याआधी निकाल हवा होता. डॉक्टर तिच्या मागे उभे राहिले, मॅनेजर उजव्या बाजूला. रुमाल पुन्हा काखेत होता. कुंताबाई भात्यामागे विस्तवाकडे तोंड करून बसली होती आणि काहीतरी पुटपुटत होती. मी जाड जंपर भट्टीतून काढला, टोक पांढरं झालेलं. ऐरणीवर ठेवला. टक्, धप्प. टक्, धप्प. सगळं ठीक होतं.

"आता सांगा मिस्त्री," मॅनेजर म्हणाले. "या घावाला. आधी काय?"

मी टक् केलं. आणि वर पाहिलं.

तिचं कोपर मी पाहिलं. अजून डोळ्यांसमोर आहे, घामानं चमकणारं, बरगडीजवळ. साहेब दोघंही तेच बघत होते. त्या भट्टीत तीन पुरुष उभे होते आणि ऐरणीवर कोणाचाच डोळा नव्हता. हात काढून घ्यायचा हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. जिथं मी टक् केलं तिथंच माझा हात होता, आणि घन नेहमीसारखा, एक सूतही इकडे तिकडे न होता, मी दाखवलेल्या जागेवर आला.

मी ओरडलो की नाही ते आठवत नाही. रंभा ओरडली ते आठवतं. "माहं चुकलं! माहंच चुकलं!" घन टाकून ती खाली बसली आणि तेच तेच म्हणत राहिली. डॉक्टरांनी तिच्या पायाशी पडलेला तो रुमाल उचलला आणि माझ्या मनगटावर आवळून बांधला. जीपमध्ये मी अर्धवट शुद्धीत होतो. पुढच्या सीटवर दोघं बोलत होते.

"कोपर सुटलं. रुमाल पडला, तुम्ही पाहिलंत ना, पिंपळापुरे?"

"रुमाल नंतर पडला हो. कंबर अडकली तिची."

उजव्या हाताची चार बोटं गेली. ती डॉक्टर वासुदेवरावांनीच कापली, आणि काम चांगलं केलं, त्यात खोट काढणार नाही. अंगठा तेवढा राहिला. तिसऱ्या दिवशी मॅनेजर साहेब मोसंबी घेऊन खाटेजवळ आले. कागद त्यांनी लिहूनच आणला होता. घन मारणाऱ्या बाईचा नेम चुकल्यानं अपघात. "असंच झालं ना मिस्त्री?" त्यांनी विचारलं. "लोहाराचीच चूक असेल तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही. बाईची असेल तर तुम्हाला मैदानावर चौकीदार करतो. खोली राहील, नोकरी राहील."

रंभा खाटेच्या पायथ्याशी बसली होती. तिनं मान खाली घातलेली होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. "हो साहेब," मी म्हणालो आणि डाव्या हाताचा अंगठा उठवला.

मनाची समजूत कशी घातली तेही सांगतो. मी म्हटलं, तिला स्वतःलाच वाटतंय तिचं चुकलं. तीच पहिल्यांदा बोलली. मी काय तिच्या तोंडात शब्द घातले? खोली राहिली तर दोघांचीच राहील. हे सगळं खरं होतं, आणि मला ठाऊक होतं की हे सगळं खरं असून मी खोटारडा आहे.

रंभेचं नाव हजेरीतून कापलं गेलं. भट्टीवर नवा लोहार आला, त्याचा भाऊ घन मारू लागला. रंभा पावसाळ्यात रोवण्याला जाऊ लागली. चिखलात ओळीनं धान लावताना तिच्या शेजारी उभं राहायला बायका तयार नसत. नवऱ्याचा हात खाल्लेली बाई म्हणत तिला. लग्नाच्या घरी तिला हळद लावायला बोलावणं बंद झालं. सानगडीला तिच्या माहेरी भावाचं लग्न होतं, तिथून ती हळदीच्या दिवशीच परत आली. का आलीस विचारलं तर म्हणाली, डोकं दुखत होतं. आणि मला जेवायला वाढलं. माझा घास कालवून द्यायची ती पहिली दोन वर्षं, मी डाव्या हातानं शिकेपर्यंत.

मी मैदानावर रेती सारखी करायचो, भोकांत झेंडे लावायचो. आणि गोष्ट सांगायचो. हे सांगायला सगळ्यांत जड जातं. नागपूरहून पाहुणे आले की साहेब मला बोलवत. "भैय्यालाल, तो किस्सा सांग." मग मी अंगठ्याचा हात वर करायचो आणि सांगायचो, "काय सांगू साहेब, वरून येता येता हिचं कोपर सुटलं." डॉक्टर म्हणत, बघा! मॅनेजर म्हणत, कोपर नाही, कंबर! पाहुणे माझ्याकडे बघत, कोणी सिगारेट देई, कोणी चहा पाजी. वर्षाला दहाबारा वेळा तरी. सांगून सांगून किस्सा गुळगुळीत झाला होता. कुठं थांबायचं आणि कुठं हात दाखवायचा, सगळं बसलेलं. कधी कधी सांगताना मलाच वाटायचं की असंच झालं.

नऊ वर्षं अशी गेली. त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीत मैदानावर मोठा सामना ठेवला होता. शामियाना लागला होता, खुर्च्या आल्या होत्या. रोज मी घरी जाऊन जेवायचो, पण त्या दिवशी हलता येण्यासारखं नव्हतं. रंभेला म्हटलं, डबा आणून दे. या नऊ वर्षांत तिनं मैदानावर पाय ठेवला नव्हता. ती नुसती हो म्हणाली.

दुपारी साहेबांचं जेवण झालं आणि मला हाक आली. पाचसहा पाहुणे होते, पिंपळापुरे साहेब आता जाड झाले होते, डॉक्टरांचे केस पांढरे. भांडण तेच. मी उभा राहिलो आणि सुरू केलं. भट्टी, रुमाल, पांढरं झालेलं लोखंड. पाहुणे पुढे सरकून ऐकत होते. मी हात वर केला. "अन् वरून येता येता हिचं कोपर..."

पाहुण्यांतला एकजण माझ्या मागे पाहत होता. मी वळलो. रंभा डबा घेऊन उभी होती. कधीची उभी होती कोण जाणे.

"हीच का ती?" पाहुण्यानं विचारलं.

"हीच!" डॉक्टर खुशीत आले. "बाई, बरं झालं आलात. एकदा मारून दाखवाल का? काही नाही, नुसतं दाखवायचं." शामियान्याचे खुंटे ठोकायला आणलेला घन तिथंच पडला होता.

मला वाटलं ती परत फिरेल. देवाशपथ, मी मनात म्हणत होतो, फिर, रंभा, घरी जा. तिनं डबा खाली ठेवला. पदर खोचला. घन उचलला, आणि नऊ वर्षांनी उचलला तरी हातानं तो ओळखला हे मला दिसलं. खेळ जिथून सुरू होतो तिथं मॅंगनीजचा एक काळा दगड चुन्याची रेघ ओढून ठेवलेला होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"दाखवा," ती मला म्हणाली.

"काय?"

"कुठं मारू ते दाखवा. तुमी दाखवल्याबिगर मी कधी मारला का?"

पाहुणे हसले. त्यांना गंमत वाटली. मी दगडाजवळ गुडघ्यावर बसलो. लहान गोटा उचलला, डाव्या हातात. माझ्याजवळ हात तो एकच होता. रंभेनं घन वर नेला. वर तो स्थिर होता, आणि तिचा चेहरा मला दिसत नव्हता, कारण मी वर पाहत नव्हतो. मान वर करायची माझी छाती नव्हती. चुन्याच्या रेघेवर मी टक् केलं.

मला वाटलं, हात इथंच राहू दे. हेही खरं सांगतो. एक क्षण तसं वाटलं, की राहू दे, फिटून जाईल.

मी हात काढला. घन आला. दगडाचे दोन तुकडे झाले, अगदी रेघेवर.

"हात काढला का लागत नाई, साहेब," रंभा म्हणाली. एवढंच. मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"पाहिलंत!" डॉक्टर ओरडले. "कोपर! शेवटपर्यंत बरगडीला!"

"अहो डॉक्टर, हात आधी निघाला, मी इथून स्वच्छ पाहिलं!"

दगडाकडे कोणी बघत नव्हतं. रंभेनं घन ठेवला आणि डबा उचलायला वाकली. मी अजून गुडघ्यावरच होतो.

"तुले मालूम होतं?" मी विचारलं.

"तुमचे डोळे माह्या कोपरावर होते. मी पाह्यलं ना."

"मंग थांबली काहून नाई?"

"निघालेला घन थांबते का?"

"मंग तू कायले म्हटलं, माहं चुकलं म्हणून?"

"तुमची रोटी गेली असती. मले वाटलं, हात बरा झाला का तुमी सांगान." तिनं डबा पदराखाली घेतला. "नऊ वर्सं वाट पाह्यली."

ती चालायला लागली. डबा घेऊनच गेली. मी उठलो आणि ओरडलो, जसं त्या शनिवारी ओरडायला हवं होतं. "साहेब! चूक माही होती! हात मी काढला नव्हता! तिचा घाव बरोबर होता!"

मॅनेजर साहेबांनी हात हलवून मला गप्प केलं. "थांब रे भैय्यालाल, एक मिनिट. डॉक्टर, तुम्ही कुठं उभे होतात?"

रंभा तेव्हा पळसांपर्यंत पोहोचली होती. वळली नाही. मी ओरडलो ते तिला ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही. त्यानंतर मी पंचांसमोर सांगितलं, रोवण्याच्या बायकांना सांगितलं, सानगडीला जाऊन तिच्या भावाला सांगितलं, ज्यानं ऐकलं नाही त्याला पुन्हा सांगितलं. ती रोज मला जेवायला वाढते. पण त्या दिवशी तिनं ऐकलं का, हे मी विचारलं की ती उठून चुलीकडे वळते. आता वाट पाहायची पाळी माझी आहे.